लाल पाकिटातली डिस्क आणि परवान्याचा पडदा: नेटफ्लिक्सच्या टपालसेवेचं प्रकरण

२९ सप्टेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सने भाड्याने द्यायच्या शेवटच्या डीव्हीडी अमेरिकेच्या टपालात टाकल्या. मार्च १९९८ मध्ये, संकेतस्थळ सर्वांसाठी खुलं होण्याआधीच, पहिली डिस्क रवाना झाली होती. मधल्या पंचवीस वर्षांत कंपनीने ५२० कोटींहून जास्त डिस्क लाल पाकिटांतून पाठवल्या आणि ४ कोटींहून अधिक लोकांनी ही सेवा कधी ना कधी वापरली. बंद होण्याच्या आधीच्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये, या विभागाची कमाई साधारण साडेचौदा कोटी डॉलर होती, तर कंपनीचं एकूण उत्पन्न ३,१०० कोटी डॉलरच्या वर. टपाल विभागाचा वाटा अर्ध्या टक्क्याहून कमी उरला होता. एवढ्यावरून निकाल सोपा वाटतो: जुनं गेलं, नवं आलं.

मला तो निकाल पटत नाही. टपालाने चित्रपट देणं आणि इंटरनेटवरून थेट घरच्या पडद्यावर चित्रपट दाखवणं, म्हणजे स्ट्रीमिंग, या एकाच धंद्याच्या दोन पायऱ्या नव्हत्या. एकाच कंपनीने, एकाच नावाखाली, दोन वेगळ्या हक्कांवर उभे असलेले दोन धंदे चालवले. पहिल्यात ती प्रतीची मालक होती, दुसऱ्यात ती परवान्यावर बसलेली भाडेकरू आहे. प्रेक्षकाला काय मिळालं आणि त्याच्या हातून काय सुटलं, हे या फरकातून बघितलं की बरंच उलगडतं.

वजन हलकं होतं म्हणून

रीड हेस्टिंग्ज आणि मार्क रँडॉल्फ यांनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्कॉट्स व्हॅलीत कंपनी काढली. त्या वेळी घरोघरी व्हीएचएस कॅसेट होत्या. कॅसेट जाड, वजनदार आणि महाग, ती टपालाने पाठवून भाड्याचा हिशेब जमत नव्हता. डीव्हीडी अमेरिकेत नुकतीच, मार्च १९९७ मध्ये, आली होती. दोघांनी एक सीडी साध्या पाकिटात घालून सांताक्रूझमध्ये टपालाने पाठवून पाहिली. ती न तुटता पोहोचली. १४ एप्रिल १९९८ रोजी संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा यादीत ९२५ चित्रपट होते. बाजारात आलेल्या जवळजवळ सगळ्या डीव्हीडी त्यात होत्या, कारण मुळात डीव्हीडीच तेवढ्या निघाल्या होत्या.

सुरुवातीला एकेका डिस्कचं भाडं घ्यायचं, वर टपालखर्च, आणि डिस्क विकायच्याही, असा मामला होता. तो चालला नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये महिन्याची वर्गणी आली. पुढे स्थिरावलेली योजना अशी: एका वेळी तीन डिस्क घरी ठेवा, हवं तितके दिवस ठेवा, एक परत केली की यादीतली पुढची निघेल. उशिराचा दंड नाही. त्या काळी भाड्याच्या दुकानांची सर्वांत मोठी साखळी ब्लॉकबस्टर होती, आणि उशिराचा दंड हा तिच्या कमाईचा मोठा भाग होता. २००० साली सुमारे ८० कोटी डॉलर. त्याच वर्षी हेस्टिंग्ज आणि रँडॉल्फ डॅलसला जाऊन ब्लॉकबस्टरला आपली कंपनी ५ कोटी डॉलरला देऊ करून आले आणि नकार घेऊन परतले. व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट हमखास सांगितली जाते, म्हणून इथं लांबवत नाही.

मला जास्त रस आहे तो वेगाच्या हिशेबात. साध्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट मावतात. १९९८ मध्ये घरोघरी टेलिफोनच्या तारेवरून ५६ किलोबिटचं इंटरनेट होतं. एवढा मजकूर त्या तारेवरून उतरवायला, एक क्षणही न थांबता, जवळपास आठ दिवस लागले असते. टपाल तेच काम दोन-तीन दिवसांत करत होतं, तेही त्या तारेवरून मिळणं अशक्य अशा चित्रदर्जासह. पुढे कंपनीने देशभर पन्नासहून जास्त वितरण केंद्रं उभारली आणि बहुसंख्य वर्गणीदारांना एका दिवसात डिस्क मिळू लागली. त्या काळात अमेरिकन टपाल खातं हेच देशातलं सर्वांत वेगवान चित्रपट-जाळं होतं, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही.

या जाळ्याला स्वतःच्या अडचणी होत्याच. टपालाच्या यंत्रात पाकीट अडकायचं, डिस्कला तडे जायचे, म्हणून टपाल कर्मचारी ती पाकिटं बऱ्याचदा हाताने वेगळी काढत. २००७ मध्ये टपाल खात्याच्या महानिरीक्षकांच्या अहवालात या हातकामाच्या खर्चाबद्दल आक्षेप आला. व्हिडिओ गेम टपालाने भाड्याने देणाऱ्या गेमफ्लाय कंपनीने तर २००९ मध्ये टपाल नियामक आयोगाकडे तक्रार केली, की नेटफ्लिक्सची पाकिटं सांभाळून हाताळली जातात आणि आम्हाला मात्र त्यासाठी जास्त दर मोजावा लागतो. तो वाद पुढे अपील न्यायालयापर्यंत गेला.

दुसरी अडचण धंद्याच्या मुळातच होती. जाण्यायेण्याचं टपाल मिळून डॉलरच्या आत बसायचं, पण वर्गणी ठरावीक होती. म्हणजे जो माणूस डिस्क आली की त्याच रात्री बघून सकाळी परत टाकायचा, तो कंपनीला तोट्यात न्यायचा. अशा वर्गणीदारांची पाळी मागे ढकलली जाते, असा आरोप करत २००४ मध्ये सामूहिक दावा दाखल झाला. प्रकरण तडजोडीने मिटलं आणि कमी डिस्क घेणाऱ्यांना प्राधान्य मिळू शकतं, हे कंपनीच्या अटींत स्पष्ट लिहिलं गेलं. स्ट्रीमिंगमध्ये हा ताण उरला नाही. एखाद्याने महिन्याला पाच चित्रपट पाहिले काय आणि पन्नास पाहिले काय, कंपनीचा वाढीव खर्च नगण्य. उलट आता जास्त बघणारा गिऱ्हाईकच हवासा झाला, कारण तो वर्गणी सोडत नाही.

शिफारस का जन्मली

नेटफ्लिक्स ‘तुम्हाला हेही आवडेल’ असं सुचवतं, ते आज आपण पडद्याचाच भाग समजतो. पण ही सोय कपाटातल्या साठ्यातून आली. नवा गाजलेला चित्रपट डीव्हीडीवर आला की सगळ्यांना त्याच आठवड्यात तो हवा असतो. तेवढ्या प्रती घ्यायच्या म्हणजे महिन्याभराने त्या कपाटात पडून राहणार. त्याऐवजी वर्गणीदाराला त्याच्या आवडीचा, पण मागणी कमी असलेला जुना चित्रपट सुचवला, तर खर्च वाचतो आणि माणूसही खूश. २००० सालापासून ‘सिनेमॅच’ नावाची पद्धत हे काम करू लागली. प्रेक्षकांनी दिलेल्या एक ते पाच तारकांवर ती चालायची.

२००६ मध्ये कंपनीने स्पर्धा जाहीर केली: सिनेमॅचचा अंदाज १० टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि १० लाख डॉलर घ्या. अभ्यासासाठी १७,७७० चित्रपटांचे सुमारे १० कोटी तारका-शेरे खुले केले. सप्टेंबर २००९ मध्ये बक्षीस दिलं गेलं. विजेत्यांची संपूर्ण पद्धत मात्र कंपनीने कधीच वापरात आणली नाही. ती राबवण्याचा खटाटोप मोठा होता हे एक कारण, आणि तोवर धंदा टपालातून पडद्याकडे वळू लागला होता हे दुसरं.

या दुसऱ्या कारणात प्रेक्षकाच्या वागण्यातला बदल आहे. टपालाच्या यादीत माणूस पुढच्या महिन्याचा विचार करून नावं घालायचा: ज्याबद्दल वाचलंय तो जपानी चित्रपट, कुणी तरी सांगितलेला माहितीपट, राहून गेलेला जुना कृष्णधवल. डिस्क घरी आली, वर्गणी चालू आहे, म्हणून ती बघितलीही जायची. पडद्यावर मात्र निवड रात्री जेवल्यावर, दमलेल्या डोळ्यांनी होते. पहिली दहा मिनिटं आवडली नाहीत की पुढचं. कंपनीच्या लेखी आता काय आवडलं असं सांगता यापेक्षा काय बघत राहता हे महत्त्वाचं ठरलं. २०१७ मध्ये तारका गेल्या आणि वरखाली अंगठा आला. मला वाटतं, आवडीची बारकाई त्याच दिवशी एका पायरीने खाली उतरली.

मालक आणि भाडेकरू

आता मूळ मुद्दा. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्यात ‘पहिल्या विक्री’चं तत्त्व आहे. १९०८ च्या एका सर्वोच्च न्यायालयीन निकालात ते मान्य झालं आणि आज कायद्याच्या १०९ व्या कलमात आहे. एखाद्या पुस्तकाची किंवा चित्रपटाची कायदेशीर प्रत तुम्ही विकत घेतलीत की त्या प्रतीवर तुमची मालकी. ती वाचा, विका, उसनी द्या, भाड्याने द्या. नवी प्रत काढायची नाही, एवढंच. ध्वनिमुद्रणं आणि संगणक प्रणाली यांना पुढे अपवाद केले गेले, चित्रपटाला नाही.

नेटफ्लिक्सची टपालसेवा या एका कलमावर उभी होती. कोणत्याही स्टुडिओने नाही म्हटलं तरी कंपनी बाजारातून डिस्क आणून भाड्याने देऊ शकत होती. स्टुडिओंशी करार झाले ते डिस्क स्वस्तात आणि घाऊक मिळाव्यात म्हणून. एकदा घेतलेली डिस्क तुटेपर्यंत किंवा हरवेपर्यंत कपाटात राहायची. म्हणूनच यादी फुगत गेली आणि सरतेशेवटी एक लाखाच्या घरात पोहोचली. अमेरिकेतल्या मराठी, तेलुगू, पंजाबी घरांतून हिंदी चित्रपट मागवले जायचे तेही याच कपाटातून. एखाद्या गावात चारच माणसांना तो चित्रपट बघायचा असेल, तरी देशभरात मिळून एक डिस्क फिरती राहायची.

जानेवारी २००७ मध्ये ‘वॉच नाऊ’ ही ऑनलाइन बघण्याची सोय सुरू झाली. टपालाच्या यादीत तेव्हा ७०,००० हून अधिक चित्रपट होते, ऑनलाइन बघायला साधारण १,०००. बघण्याला तासांची मर्यादाही होती, वर्गणीच्या प्रत्येक डॉलरमागे साधारण एक तास. ऑनलाइन यादी इतकी लहान का, याचं उत्तर कायद्यातच आहे. तारेवरून चित्रपट पाठवताना विकत घेतलेली कोणतीच प्रत एका हातातून दुसऱ्या हातात जात नाही, त्यामुळे पहिल्या विक्रीचं तत्त्व तिथं लागू होत नाही. प्रत्येक चित्रपटासाठी हक्कधारकाचा परवाना लागतो. परवान्याला मुदत असते, देश ठरलेला असतो, आणि समोरचा माणूस नाही म्हणू शकतो.

हा फरक दोन घटनांत लख्ख दिसतो. ऑक्टोबर २००८ मध्ये नेटफ्लिक्सने स्टार्झ या केबल वाहिनीकडून सुमारे २,५०० चित्रपटांचे ऑनलाइन हक्क घेतले. डिझ्नी आणि सोनीचे नवे चित्रपट त्यात होते. स्ट्रीमिंगला खरी गर्दी मिळाली ती यानंतर. करार २०१२ च्या फेब्रुवारीअखेर संपला, नवा झाला नाही आणि ते चित्रपट पडद्यावरून गेले. टपालाच्या कपाटातल्या त्यांच्या डिस्क जागच्या जागी होत्या. त्याच कंपनीचा वर्गणीदार तोच चित्रपट लाल पाकिटातून मागवू शकत होता.

दुसरी घटना मला जास्त बोचते. जानेवारी २०१० मध्ये वॉर्नर ब्रदर्सशी करार झाला: नवी डीव्हीडी बाजारात आल्यावर २८ दिवस नेटफ्लिक्स ती भाड्याने देणार नाही, त्याबदल्यात स्ट्रीमिंगसाठी जास्त चित्रपट मिळतील. पाठोपाठ युनिव्हर्सल आणि फॉक्सशीही असेच करार झाले. कायद्याने मिळालेला, कुणालाही न विचारता वापरता येणारा हक्क कंपनीने स्वतःहून गहाण ठेवला आणि त्यावर परवाने घेतले. धंद्याच्या नजरेतून निर्णय शहाणपणाचा होता. पण पडद्याच्या यादीची किंमत टपालाच्या वर्गणीदाराने मोजली, हेही तितकंच खरं.

२०११

नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेत फक्त स्ट्रीमिंगची ७.९९ डॉलरची योजना आली. टपालाचे वर्गणीदार त्या सुमाराला २ कोटींच्या आसपास, म्हणजे शिखरावर होते. १२ जुलै २०११ रोजी कंपनीने दोन्ही सेवा वेगळ्या केल्या: आधी दोन्ही मिळून ९.९९ डॉलर, आता प्रत्येकी ७.९९. म्हणजे दोन्ही हव्या असणाऱ्याला ६० टक्के वाढ. १८ सप्टेंबरला हेस्टिंग्ज यांनी जाहीर केलं की टपालसेवा ‘क्विकस्टर’ नावाने वेगळी होईल, तिचं संकेतस्थळ वेगळं, यादी वेगळी, तारकाही वेगळ्या. इतका संताप उसळला की १० ऑक्टोबरला बेत मागे घ्यावा लागला. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत ८ लाख वर्गणीदार गेले. जुलैमध्ये ३०० डॉलरच्या जवळ असलेला शेअर नोव्हेंबरअखेर ८० च्या खाली आला.

टपालात अडकून राहिलो तर नवा धंदा हातचा जाईल, ही हेस्टिंग्ज यांची भीती खोटी नव्हती. डायल-अपवर, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या इंटरनेटवर, मोठ्या झालेल्या एओएल कंपनीला ब्रॉडबँड जमलं नाही आणि बॉर्डर्सच्या पुस्तकदुकानांना ई-बुक जमलं नाही, ही उदाहरणं त्यांनी स्वतःच दिली होती. या प्रकरणाचा नेहमीचा धडा ‘संवाद नीट केला नाही’ असा काढला जातो. मला तो अपुरा वाटतो. तोवर वर्गणीदार एकाच यादीत चित्रपट शोधायचा: ऑनलाइन असेल तर लगेच बघायचा, नसेल तर डिस्क मागवायचा. यादी एक होती तोवर पडद्याची उणीव दिसत नव्हती, कारण कपाट ती भरून काढत होतं. संकेतस्थळं तोडली असती तर त्याच दिवशी प्रत्येकाला दिसलं असतं की पडद्यावर काय काय नाही. लोक चिडले ते पैशामुळे, पण त्या बेतात त्यांचं नुकसान पैशापेक्षा मोठं होतं.

नाव मागे घेतलं तरी दिशा बदलली नाही. टपालाची जाहिरात थांबली, केंद्रं एकेक करून बंद होत गेली. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: आजच्या स्ट्रीमिंगचा पाया टपालसेवेच्या एका फजितीतून घातला गेला. ऑगस्ट २००८ मध्ये कंपनीच्या मुख्य डेटाबेसमध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस डिस्क रवाना करता आल्या नाहीत. त्यानंतर सगळा कारभार ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, हलवायचं ठरलं. ते काम जानेवारी २०१६ मध्ये पुरं झालं. पुढे ‘ओपन कनेक्ट’ नावाने कंपनीने स्वतःची साठवणयंत्रं इंटरनेट पुरवठादारांच्या दारात नेऊन ठेवली. प्रेक्षकाच्या जवळ साठा ठेवायचा, ही युक्ती पन्नास वितरण केंद्रांचीच.

भाडेकरूला घरमालकाची भीती असते म्हणून तो स्वतःचं घर बांधतो. २०१३ पासून नेटफ्लिक्सने स्वतःच्या मालिका आणि चित्रपटांवर पैसा ओतला, कारण स्टुडिओ परवाने परत घेणार हे उघड होतं. ते तसंच झालं. डिझ्नी, वॉर्नर, पॅरामाउंट यांनी आपापल्या सेवा काढल्या. आज अमेरिकन प्रेक्षकाला पूर्वीच्या एका कपाटातलं सगळं हवं असेल तर चार-पाच वर्गण्या भराव्या लागतात, तरीही बरेच जुने चित्रपट कुठेच सापडत नाहीत.

भारतात हे घडलं असतं का

नेटफ्लिक्स भारतात आलं ६ जानेवारी २०१६ रोजी, थेट पडद्यावर. पण त्याआधी इथं घरपोच डीव्हीडी देण्याचे प्रयत्न झाले होते. बेंगळुरूची सेव्हंटीएमएम, रिलायन्सची बिगफ्लिक्स ही त्यातली मोठी नावं. सेव्हंटीएमएमने टपालावर न विसंबता स्वतःची माणसं दारोदार पाठवली. शहरातल्या वाहतुकीत प्रत्येक डिस्कमागे माणूस आणि दुचाकी, हा खर्च अमेरिकन टपालाच्या तिकिटासारखा नव्हता. त्यात २००७ मध्ये डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली. विकत घेणं इतकं स्वस्त झाल्यावर भाड्याने कोण आणणार? रस्त्यावरच्या चोरट्या प्रती होत्याच.

पैशाचं गणित जमलं असतं तरी कायदा आड आला असता. भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या १४ व्या कलमानुसार चित्रपटाची प्रत विकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा हक्क मालकाकडेच राहायचा, ती प्रत आधी विकली गेलेली असली तरीही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये, वॉर्नर ब्रदर्सच्या दाव्यात, परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी इथं भाड्याने देणाऱ्या एका लायब्ररीला मनाई केली. म्हणजे नेटफ्लिक्सला अमेरिकेत जे फुकट मिळालं, त्यासाठी इथं प्रत्येक निर्मात्याचं दार वाजवावं लागलं असतं. आपल्याकडे चित्रपटाच्या भाडेवाल्याला कायद्याने मालक कधी होऊच दिलं नाही.

२०१२ च्या दुरुस्तीत एक दार मात्र उघडलं. आधी विकलेल्या प्रतीबद्दलचे शब्द काढले गेले, भाड्याच्या जागी ‘व्यावसायिक भाडं’ आलं, आणि त्याची व्याख्या करताना ना-नफा ग्रंथालय किंवा ना-नफा शिक्षणसंस्था यांनी, रीतसर मिळवलेली प्रत, नफ्याचा हेतू न ठेवता उसनी देणं त्यातून वगळलं. अमेरिकेत सिएटलची स्केअरक्रो व्हिडिओ ही संस्था २०१४ पासून ना-नफा तत्त्वावर १ लाखाहून जास्त चित्रपटांचं कपाट सांभाळते आहे, तसं काही करायला आपल्या कायद्याची हरकत नाही. महाराष्ट्रात गावोगावी सार्वजनिक वाचनालयं आहेत, काही शंभर वर्षांहून जुनी, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कितीतरी मराठी चित्रपटांच्या डिस्क घरांच्या माळ्यांवर आणि बंद पडलेल्या दुकानांत अजून पडून आहेत. त्यातले अनेक चित्रपट आज कोणत्याही सेवेच्या यादीत नाहीत. वाचनालयांनी या डिस्क आत्ताच मागून, विकत घेऊन जमवाव्यात आणि पुस्तकासारख्या त्यांची नोंद करून सभासदांना द्याव्यात. डीव्हीडी बनवणारे आणि वाजवणारी यंत्रं, दोन्ही बाजारातून जात आहेत, त्यामुळे हे काम पाच-दहा वर्षांनी करू म्हणून चालणार नाही.